सगळ्यांच्या पोटातला जंतू सारखा नसतो

कोल्हापुरातल्या घरगुती व्हॉट्सॲप ग्रुपवर पोटाच्या अल्सरबद्दलचा एक मेसेज सारखा फिरतोय. त्यात म्हटलंय की अल्सर तांबड्या रश्श्यानं आणि टेन्शननं होतो. एच. पायलोरी नावाचा जंतू निम्म्या जगाच्या पोटात असतो, म्हणजे तो निरुपद्रवीच, मग तपासणी कशाला? आणि औषध लागलंच तर घरातल्या एकाची चिठ्ठी सगळ्यांना चालते. पाठवणारे आपलेच काका-मावशी असतात, त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण अशा सल्ल्यानं माणसाचा इलाज लांबतो, म्हणून हे लिहितोय.

आधी रश्श्याचं. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथं रुग्णांच्या जठरातून हा जंतू वेगळा काढून वाढवला. अल्सरमागे तो आहे हे दाखवल्याबद्दल २००५ चं नोबेल त्यांना मिळालं. अल्सरची दोन मोठी कारणं म्हणजे हा जंतू आणि दुखण्यावरच्या गोळ्या: ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक. सुजलेल्या जठराला तिखट झोंबतं, तेव्हा काही दिवस ते कमी करावं. पण अल्सर तिखटामुळं होत नाही. रस्सा सोडून गुडघ्यासाठी रोज उपाशीपोटी गोळी खाणारी माणसं आपल्या गल्लीत आहेत, काळजी त्यांची वाटते.

आता ‘निम्म्या जगात आहे म्हणून निरुपद्रवी’. जंतू असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, हे खरं. पण साधारण दहातल्या एकाला अल्सर होतो, शंभरातल्या एक ते तीन जणांना जठराचा कॅन्सर होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९४ मध्येच या जंतूला कॅन्सरकारक ठरवलंय. त्रास नेमका कुणाला होतो, याचं एक उत्तर जंतूच्या जनुकांत आहे.

एच. पायलोरीचा जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा पूर्ण संच, साधारण १६ ते १७ लाख बेस-जोड्यांचा (डीएनएची ‘अक्षरं’). काही जंतूंत त्यात ‘कॅग’ नावाचा सुमारे ४० हजार जोड्यांचा जादा तुकडा असतो. त्यातली जनुकं इंजेक्शनच्या सुईसारखी रचना बांधतात आणि तिच्यातून कॅग-ए हे प्रथिन थेट जठराच्या पेशीत सोडतात. आपल्याच पेशीतली एन्झाइम्स त्याला फॉस्फेट जोडतात. मग ते पेशीतल्या एसएचपी-२ या प्रथिनाला चिकटतं आणि पेशीच्या वाढीचे संदेश बिघडवतं. त्यातही फरक आहे. जपान-कोरियाकडच्या जंतूंतलं कॅग-ए एसएचपी-२ ला जास्त घट्ट धरतं. पाश्चात्त्य देशांत आणि आपल्याकडे आढळणारा प्रकार त्यामानानं सैल. ज्यांच्यात हा तुकडाच नाही, त्या जंतूंपासून अल्सर आणि कॅन्सरचा धोका बराच कमी. दुसरं जनुक वॅक-ए. ते जवळपास सगळ्यांत असतं, पण त्याच्या एका प्रकारातून पेशींना भोकं पाडणारं जोरदार विष तयार होतं आणि दुसऱ्यातून जवळपास काहीच नाही.

म्हणून ‘कॅग-ए सापडलं, आता कॅन्सर होणार’ असं घाबरवणंही चूकच. भारतातल्या बहुतेक जंतूंत कॅग-ए असतं, तरीही जठराचा कॅन्सर आपल्याकडे जपान-कोरियापेक्षा कितीतरी कमी आहे. देशात सर्वांत जास्त प्रमाण मिझोरममध्ये. जंतूबरोबर माणसाची स्वतःची जनुकं, तंबाखू, खारवलेलं आणि धुरावलेलं अन्न हे सगळं मोजावं लागतं. औषध ठरवायला कॅग-एची जनुक-तपासणी सहसा लागतही नाही.

जंतू आहे का हे पाहणारी श्वासाची किंवा शौचाची तपासणी मात्र उपयोगाची आहे. त्याआधी दोन आठवडे पँटोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांना विचारून थांबवावी, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. शौच डांबरासारखं काळं होत असेल, रक्ताची उलटी झाली असेल किंवा वजन उतरत असेल, तर कुठलाही मेसेज वाचत न बसता दवाखाना गाठावा.

सर्वांत घातक भाग चिठ्ठीचा. हा जंतू बहुधा लहानपणी घरच्यांकडून, अनेकदा आईकडून येतो. सासू शाहूपुरीतली आणि सून गडहिंग्लजची असेल, तर दोघींच्या पोटातले जंतू वेगवेगळ्या घरांतून आलेले असू शकतात. जंतूच्या रायबोसोमच्या (पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र) एका जनुकात एक अक्षर बदललं तरी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक त्याला चिकटत नाही आणि औषध वाया जातं. मेट्रोनिडाझोल आपण जुलाबासाठी वर्षानुवर्षं मनानंच खात आलोय, त्यामुळं त्याला दाद न देणारे जंतू भारतात फार आहेत. सासूला लागू पडलेला कोर्स सुनेवर फसू शकतो, आणि अर्धवट घेतला तर औषधाला न जुमानणारे जंतूच मागं उरतात.

कोर्स सहसा १४ दिवसांचा असतो, तो पुरा करायचा. संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी पुन्हा करून घ्यायची, कारण जळजळ थांबली तरी जंतू जठरात तसाच असू शकतो.