बुटीकमधली वस्तू आधी उलटी करून बघा

शहरातल्या चलतीच्या भागात एकाला लागून एक अशी छोटी बुटीक उघडतात. तिथले कपडे आणि दागिने मॉलपेक्षा महाग असतात आणि ते असायलाही हरकत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ही जास्तीची किंमत दुकानदाराच्या उत्तरांची आणि दुरुस्तीची असली पाहिजे. वस्तू कशाची आहे, कोणी केली, तुटली तर कोण जोडून देणार, हे ज्याला सांगता येतं तोच खरा स्वतंत्र दुकानदार. शेजारच्या तीन दुकानांत तेच कानातलं दिसत असेल, तर ते बहुधा घाऊक कॅटलॉगमधून आलेलं आहे. कॅटलॉगचा माल विकण्यात गैर काही नाही, पण त्यावर ‘हँडमेड’ लिहून विकणं ही फसवणूक आहे.

दागिन्यांत सगळ्यात जास्त घोळ ‘गोल्ड प्लेटेड’ या दोन शब्दांत होतो. फ्लॅश प्लेटिंग म्हणजे सोन्याचा सगळ्यात पातळ मुलामा; त्याचा थर ०.१७५ मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ‘वर्मेल’ म्हणवायचं तर खाली ९२५ (म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध) चांदी आणि वर किमान २.५ मायक्रॉन सोनं, असं अमेरिकेतलं मानक आहे. ‘गोल्ड फिल्ड’ वेगळं. त्यात सोन्याचा पत्रा दाबून बसवलेला असतो आणि त्याचं वजन एकूण धातूच्या किमान विसाव्या भागाइतकं असतं. काउंटरवर तिन्ही सारखेच चमकतात, म्हणून दोन गोष्टी थेट विचारा: खालचा धातू कोणता आणि थर किती मायक्रॉनचा? पितळेवर थेट पातळ सोनं चढवलं की तांबं आणि जस्त हळूहळू त्या थरातून वर येतात आणि दागिना काळपट पडतो. ते अडवायला मध्ये निकेल किंवा पॅलेडियमचा थर देतात. निकेल स्वस्त, पण अनेकांना त्याची ॲलर्जी असते. टोचलेल्या कानात जाणाऱ्या दांडीतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू नये, असा युरोपियन युनियनचा नियम आहे. कान चिघळत असेल तर दांडी टायटेनियमची किंवा निकेल नसलेल्या सोन्याची घ्या. नुसत्या ‘स्किन फ्रेंडली’ या शब्दावर विसंबू नका.

पातळ मुलाम्याची अंगठी तर घेऊच नये. तळहाताकडची बाजू दिवसभर घासली जाते आणि थर तिथूनच आधी जातो. कानातलं घासलं जात नाही, त्यामुळे तोच मुलामा तिथे बराच टिकतो.

मग जोड बघा. साखळीची शेवटची कडी नुसती वाकवून मिटवली आहे की डाख देऊन, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधून, बंद केली आहे? मिटवलेल्या कडीतली फट नखाला लागते आणि साखळी बहुतेक वेळा तिथेच सुटते. फट उघडायची वेळ आली तर कडीची दोन टोकं बाजूंना फाकवू नका, एक पुढे आणि एक मागे पिळा. फाकवलेली कडी पुन्हा गोल होत नाही. खडा नख्यांनी धरलाय की गोंदाने चिकटवलाय, हेही विचारा. पुन्हा मुलामा द्यायचा तर दागिना रसायनात बुडवावा लागतो. गोंदाने बसवलेला मोती आधी काढल्याशिवाय ते करता येत नाही आणि बरेच कारागीर हे काम घेतच नाहीत.

कपड्यांची परीक्षा उलट्या बाजूने होते. कुशीच्या शिवणीत दीड-दोन सेंटिमीटर माया, म्हणजे टिपेच्या आतलं जास्तीचं कापड, सोडली असेल, तर कपडा पुढे सैल करता येतो. अर्ध्या सेंटिमीटरवर ओव्हरलॉक (कडेची गुंफण शिलाई) मारून कापून टाकलेलं असेल, तर आहे त्या मापातच राहायचं. रेशीम आणि साटीनमध्ये मात्र माया असूनही जपून, कारण जुन्या टिपेची भोकं दिसत राहतात. उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर, कापलेल्या ड्रेसची खालची दुमड घालण्याआधी तो किमान एक रात्र टांगून ठेवावा लागतो. घाईत ही पायरी गाळली तर काही दिवसांत घेर एका बाजूला लोंबतो. व्हिस्कोस (रेयॉनचं कापड) ओलं झालं की कमजोर पडतं आणि आटतंही, म्हणून कापड बेतण्याआधी धुतलं होतं का, हे विचारा. गडद रंगावर ओला पांढरा रुमाल दहा वेळा घासा. रुमालावर रंग उतरला तर फिकट कपड्यांबरोबर तो कपडा धुता येणार नाही. चांगला दुकानदार या तपासणीने रागावत नाही, रुमाल तोच आणून देतो.

दुकानदारांची अडचणही खरी आहे. भाग चलतीचा झाला की भाडं वाढतं, रोज नवं काही मांडावं लागतं आणि कॅटलॉगचा माल हा त्यावरचा सोपा मार्ग असतो. दुसरा मार्ग म्हणजे कारागिराचा माल विक्रीनंतर पैसे देण्याच्या बोलीवर ठेवणं. यात दुकानाचं भांडवल अडकत नाही, सगळी जोखीम कारागिरावर येते. म्हणून हा व्यवहार तोंडी ठेवू नये. दुकानाचा वाटा किती, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे, हरवलेल्या किंवा मळलेल्या नगाचा भार कोणावर, सेलमधली सूट कोणाच्या वाट्यातून, न विकलेला माल कधी परत, हे सगळं माल देतानाच नगांच्या यादीखाली लिहून दोघांनी सह्या कराव्यात. दुकान अचानक बंद झालं, तर आतला माल आपला आहे हे दाखवायला कारागिराकडे तोच कागद असतो.