‘मे महिन्यातही आल्प्समध्ये स्की शिका’ या सल्ल्याबद्दल

परीक्षा संपत आल्या की युरोपला निघालेल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला फिरू लागतो. थोडक्यात असा: आल्प्समध्ये ग्लेशियरवर बाराही महिने बर्फ असतो, तेव्हा एप्रिल असो की मे, एक दिवस काढून स्की करून या. सीझन संपत आल्याने गर्दी नसते, सगळं स्वस्त पडतं. नाश्ता करून आरामात निघा, दुपारच्या उन्हात थंडी वाजत नाही. शिक्षकावर पैसे घालवू नका, व्हिडिओ बघून जमतं. आणि विमा तर व्हिसासाठी काढलेलाच असतो.

यातली बहुतेक वाक्यं अर्धी खरी आहेत. पहिल्यांदा स्कीवर उभ्या राहणाऱ्याचा दिवस वाया जातो तो उरलेल्या अर्ध्यामुळे. कधी कधी गुडघाही जातो.

बर्फापासून सुरुवात करू. उंचावर तो असतो, यात वाद नाही. पण नवशिक्याला लागतो जवळजवळ सपाट, रोज यंत्राने सारखा केलेला तुकडा, त्याच्या कडेला वर नेणारा सरकता पट्टा (सगळे त्याला मॅजिक कार्पेट म्हणतात) आणि शिकवणारा माणूस. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटला वर्षभर स्की चालतं, पण उन्हाळ्यात ते साडेतीन हजार मीटरच्या वरच्या ग्लेशियरवर. तिथे देशोदेशीचे संघ सराव करतात आणि टी-बारला (दोराला लटकलेला, स्कीवर उभ्या माणसाला ओढत वर नेणारा दांडा) धरून वर जावं लागतं. आपल्याकडच्या बहुतेक टूरमध्ये असलेल्या टिटलिस या स्विस डोंगराचं केबल कारचं वरचं स्टेशन 3,020 मीटरवर आहे. शिकाऊंच्या जागा मात्र खाली, साधारण 1,800 मीटरवरच्या ट्रुब्सेला आणि त्याहूनही खाली गेर्श्नीआल्पला. म्हणजे माथ्यावर बर्फ चमकत असताना आपल्या कामाचा बर्फ वितळून गेलेला असू शकतो. स्वित्झर्लंडमध्येच 3,454 मीटरवरच्या युंगफ्राउयोखला जाऊन बर्फात खेळता येतं, मुलं खूश होतात, पण त्याला स्की शिकणं म्हणत नाहीत.

तारखांचं गणित ईस्टरभोवती फिरतं, आणि ईस्टर जागा बदलतो. 2025 मध्ये तो 20 एप्रिलला होता, 2027 मध्ये 28 मार्चला आहे. कमी उंचीवरची बरीच गावं ईस्टर झाला की स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट बंद करतात. म्हणून ‘गेल्या वर्षी अमुक तारखेला आम्हाला बर्फ मिळाला होता’ हा अनुभव यंदा उपयोगी पडेलच असं नाही. एप्रिलमध्ये जाणाऱ्यांनी उंच जागा धरावी: फ्रान्समध्ये 2,300 मीटरवरचं वाल तोरांस, ऑस्ट्रियात ओबरगुर्गल किंवा श्टुबाय ग्लेशियर. इन्सब्रुकला मुक्काम असेल तर श्टुबायला बसने जाता येतं, आणि तिथल्या गाम्सगार्टन स्टेशनाजवळ, साधारण 2,600 मीटरवर, शिकण्याची जागा आहे. तिकीट काढण्यापूर्वी स्की स्कूलला एकच प्रश्न मेलवर विचारा: ‘आम्ही अमुक तारखेला येतोय, पूर्ण नवशिके आहोत, त्या दिवशी शिकाऊ उतार आणि शिक्षक दोन्ही चालू आहेत का?’ उत्तर लेखी घ्या.

गर्दी आणि स्वस्ताई? ईस्टरच्या सुट्टीत दोन्ही नसतात. सुट्टी संपल्यावर भाव उतरतात हे खरं, पण स्की स्कूलचे वर्गही कमी होतात. नवशिक्यांचे गट बऱ्याच ठिकाणी रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात आणि आठवडाभर चालतात. बुधवारी एका दिवसासाठी उगवलेल्या पाहुण्याला त्यात जागा नसते. दोन तासांचा खासगी धडा हाच व्यवहार्य मार्ग. पैसे वाचवायचेच असतील तर लिफ्टच्या पासवर वाचवा. पहिल्या दिवशी अख्ख्या डोंगराचा पास वापरून होतच नाही. शिकाऊ पट्ट्यासाठी वेगळं, बरंच स्वस्त तिकीट मिळतं, फ्रान्समध्ये तर काही ठिकाणी तो पट्टा फुकट असतो.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो ‘आरामात निघा’ हा सल्ला. वसंतात बर्फ रात्री गोठतो आणि दिवसा वितळतो. सकाळी लिफ्ट सुरू होते तेव्हा वरचा थर टणक असतो, स्कीच्या कडा त्यावर खरखरतात. उन्हाने तासा-दोन तासांत वरचे एक-दोन सेंटीमीटर सैल होतात, आणि हीच शिकण्याची वेळ: स्की वळते, पडलं तरी फारसं लागत नाही. दुपारी एकनंतर त्याच उताराचा पाण्याने भरलेला बर्फाचा गोळा होतो. स्की त्यात रुतते, शरीर पुढे जातं आणि पाय मागेच राहतो. थकलेल्या नवशिक्याचे गुडघे मुरगळतात ते अशा वेळी. म्हणून दहाच्या सुमाराचा धडा घ्या, त्याआधी तासभर सामान भाड्याने घ्यायला ठेवा आणि जेवणानंतर स्की परत करून मोकळे व्हा. पूर्वेकडच्या उतारावर हे चक्र लवकर सुरू होतं, उत्तरेकडच्यावर उशिरा. कोणता उतार कधी घ्यायचा हे तिथला शिक्षक बरोबर सांगतो.

शिक्षकाचं म्हणाल तर व्हिडिओत वजन पुढे टाकायला सांगतात, पण तुम्ही मागे झुकलायत हे व्हिडिओला दिसत नाही. भीती वाटली की प्रत्येकजण मागे झुकतो आणि स्की आणखी पळते. बूट हीदेखील शिकायची गोष्ट आहे: आत एकच पातळ लांब मोजा, पॅन्टचा काठ बुटात अजिबात नाही, नडगी पुढच्या भागाला टेकलेली, टाच उचलत नाही इतपत बकल घट्ट. थंडीच्या भीतीने दोन जाड मोजे घातले तर तासाभरात पाय बधिर होतो. जीन्सही नको, ती भिजते. सनस्क्रीन मात्र हवंच.

विम्याबद्दल कळकळीने सांगते. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, पण अनेक पॉलिसींमध्ये साहसी किंवा हिवाळी खेळ वगळलेले असतात, नाहीतर जादा हप्ता भरावा लागतो. उतारावरून स्ट्रेचरने किंवा हेलिकॉप्टरने खाली आणण्याचं बिल वेगळं येतं. इटलीत 2022 पासून स्की करताना दुसऱ्याच्या नुकसानीचा विमाही सक्तीचा आहे. पॉलिसीतलं वगळलेल्या गोष्टींचं पान निघण्याआधी वाचा.

आणि सुट्टी मेमध्येच मिळत असेल तर? मग आल्प्समध्ये केबल कारने वर जा, बर्फ बघा, ट्यूबवरून घसरा. स्की शिकायचीच असेल आणि प्रवासात नेदरलँड्स किंवा पश्चिम जर्मनी येत असेल, तर झूटरमेर, लांडग्राफ आणि नॉइस इथे बंदिस्त स्की हॉल आहेत. त्यांत उन्हाळ्यातही बर्फ असतो, शिकाऊ उतार आणि शिक्षकही असतात. अ‍ॅम्स्टरडॅम किंवा ड्युसेलडॉर्फच्या मुक्कामातून तिथे दिवसात जाऊन येता येतं.