घडवणाऱ्याच्या हाती काहीच नाही, आणि भरपाई मात्र पोराकडून?

अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या क्रीडा संघटनेने २०२५ साली अमेरिकी पद्धतीचे फुटबॉल खेळणाऱ्या आपल्याच एका माजी खेळाडूकडे ३ लाख ९० हजार डॉलरची मागणी केली. डेमन विल्सन हा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावफळीच्या टोकाला उभा राहणारा खेळाडू, दोन हंगाम जॉर्जियाकडून खेळला, डिसेंबर २०२४ मध्ये त्याने तिथल्या देणगीदारांच्या गटाशी पाच लाख डॉलर मानधनाचा करार केला, आणि पुढच्याच महिन्यात ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव घालून तो मिसुरी विद्यापीठात गेला. तोवर त्याच्या हाती ३० हजारांचा एकच हप्ता पडला होता. असे जे तेरा मासिक हप्ते द्यायचे राहिले, तेवढी रक्कम करारातल्या कलमानुसार नुकसानभरपाई म्हणून त्यानेच भरावी, असे जॉर्जियाचे म्हणणे. विल्सनने मिसुरीतल्या न्यायालयात उलट दावा ठोकला. कायद्याच्या कसोटीवर कोण टिकेल हे न्यायाधीश बघतील, पण खेळाडूच्या हाती जे कधी पडलेच नाही तेवढे त्याच्याच खिशातून वसूल करायचे, हा हिशेब मला उफराटा वाटतो. एक खेळाडू एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेल्याने जर कोणाचे नुकसान होत असेल आणि कोणाचा फायदा, तर भरपाई फायदा झालेल्या विद्यापीठाने द्यावी. तीही जॉर्जियासारख्या गडगंज संस्थेला मिळण्याआधी, ज्यांच्याकडे खरोखर घडवण्याचे काम होते त्या लहान विद्यापीठांना मिळावी.

भारतातल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. ट्रान्सफर पोर्टल म्हणजे ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेली एक नोंदवही. खेळाडूने विनंती केली की त्याच्या विद्यापीठाने कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचे नाव तीत चढवायचे, आणि नाव चढले की इतर कोच त्याच्याशी उघडपणे बोलू शकतात. पूर्वी विद्यापीठ बदलणाऱ्या फुटबॉलपटूला एक वर्ष बाकावर बसावे लागे. २०२१ मध्ये पहिल्या बदलीपुरती ही अट गेली आणि न्यायालयीन दट्ट्यानंतर एप्रिल २०२४ पासून, अभ्यासात पात्र असेल तर खेळाडूने कितीही वेळा बदली घ्यावी, अशी मुभा मिळाली. त्याच २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रसिद्धीवर पैसे कमावता येऊ लागले, आणि जुलै २०२५ पासून तर विद्यापीठे स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट वाटा देऊ लागली. त्याची पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. या सगळ्याविरुद्ध जी ओरड होते, की निष्ठा संपली, पोरे भाडोत्री झाली, तिच्यात मला फारसा दम वाटत नाही. कोच मंडळी करार अर्ध्यावर टाकून कित्येक दशके गावे बदलत आली आहेत, आणि त्यांच्या निष्ठेची चर्चा दोन दिवसांपलीकडे टिकलेली माझ्या पाहण्यात नाही.

डिफेन्सिव्ह लाइनमनच्या, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीतल्या खेळाडूच्या, बाबतीत तर ही मोकळीक न्याय्यच म्हणावी लागेल. आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्या क्वार्टरबॅकची फेक सोळाव्या वर्षीही बऱ्यापैकी जोखता येते. बचावफळीच्या मध्यभागी उभे राहून १४० किलोच्या दोन माणसांचा एकत्रित रेटा छातीवर घेणारा खेळाडू मात्र शाळेत असताना ओळखणे फार अवघड असते, कारण ते शरीर तोवर तयारच झालेले नसते. शाळेत सडपातळ असलेला मुलगा विद्यापीठाच्या व्यायामशाळेत दोन-तीन वर्षे काढतो, पंधरा-वीस किलो वजन कमावतो, हातांचा वापर शिकतो आणि एकविसाव्या वर्षी वेगळाच माणूस होऊन मैदानात उतरतो. जॅरेड व्हर्सला शाळेतून निघताना मोठ्या विद्यापीठांनी विचारले नव्हते. तो दुसऱ्या पायरीच्या स्पर्धेत खेळणाऱ्या ऑल्बनीकडे गेला, तिथे घडला, २०२२ मध्ये फ्लोरिडा स्टेटने त्याला घेतले, आणि २०२४ मध्ये व्यावसायिक लीगच्या वार्षिक खेळाडू-निवडीत लॉस एंजेलिस रॅम्स या संघाने त्याची एकोणिसाव्या क्रमांकावर निवड केली. त्या हंगामाचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू तोच ठरला. ब्रेडन फिस्क वेस्टर्न मिशिगनमध्ये वाढला आणि २०२३ च्या एका हंगामासाठी फ्लोरिडा स्टेटला आला. त्या वर्षीच्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठ-गटाच्या अंतिम सामन्यात फ्लोरिडा स्टेटवर तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला उतरवण्याची पाळी आली होती. आक्रमण जवळजवळ ठप्प होते, आणि तरीही त्यांनी लुईव्हिलला १६-६ असे हरवले ते बचावफळीच्या जिवावर, ज्यात फिस्कच्या नावावर तीन सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे) होते. त्यालाही रॅम्सनेच घेतले, एकोणचाळिसाव्या क्रमांकावर.

बदली नेहमी पैशासाठीच असते असेही नाही. लायातू लातू याला मानेच्या दुखापतीमुळे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी खेळण्याची परवानगी नाकारली आणि त्याची कारकीर्द कागदोपत्री संपली. तो यूसीएलएमध्ये गेला, तिथल्या डॉक्टरांनी त्याला परवानगी दिली, आणि २०२४ च्या निवडीत पहिला बचावपटू म्हणून त्याचेच नाव पुकारले गेले. एका डॉक्टरचे मत शेवटचे न मानण्याचा हक्क आपण रुग्णाला देतो, तो खेळाडूलाही असायला हवा.

आता लाइनमनची निवड या पद्धतीत कशी होते ते पाहू, कारण पैसे कोणी कोणाला द्यावेत या माझ्या मताचे मूळ तिथेच आहे. जानेवारी २०२६ मध्ये बदलीची खिडकी २ ते १६ तारखेपर्यंत उघडी होती आणि एप्रिलमधली दुसरी खिडकी बंद करण्यात आली. जानेवारीचे सत्रही त्याच सुमारास सुरू होते. म्हणजे व्हिडिओ पाहणे, भेटीला बोलावणे, वैद्यकीय तपासणी, पैशाची बोलणी, प्रवेशाचे कागद, सगळे काही दिवसांत उरकायचे. सॅकचे आकडे पाहून कोणीही भुलतो, पण मुरलेला लाइन कोच ते बाजूला ठेवतो. सॅक पुष्कळदा शेजाऱ्याच्या कष्टाचे फळ असते, आणि फळीच्या मधोमध उभ्या राहणाऱ्या नोज टॅकलचे काम तर दहीहंडीच्या खालच्या थरातल्या माणसासारखे: वर्तमानपत्रातल्या फोटोत तो सहसा दिसत नाही, पण तो खचला की सगळेच खाली येतात. कोच पाहतो ते हे, की चेंडू हलला त्या क्षणी याचा पहिला पाय किती लवकर पडतो, दोघे अंगावर आल्यावर खांदे खाली राहतात की तो ताठ उभा राहून मागे ढकलला जातो, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये, छाती भात्यासारखी वरखाली होत असताना, हात कमरेवर जातात की जमिनीवर टेकतात. शिवाय तो पाहतो की हे सारे कोणाविरुद्ध घडले. लहान विद्यापीठाच्या खेळाडूचा हंगामातला एखादाच सामना बलाढ्य संघाशी असतो, आणि कोच तोच सामना पुन्हा पुन्हा फिरवून पाहतो.

यात अभ्यासाचाही भाग असतो, आणि मी शिकवतो त्या विद्यापीठात तो जवळून पाहिला आहे. आमच्या बचावफळीतला एक मुलगा, सांख्यिकीच्या वर्गात शेवटच्या रांगेत दोन खुर्च्यांची जागा व्यापून बसणारा, नाताळच्या सुट्टीत मला ईमेल करून विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम मागत होता, कारण नव्या विद्यापीठाला तो विषय आपल्या कोणत्या विषयाशी जुळतो हे ठरवायचे होते. तिसरे वर्ष संपताना पदवीचा साठ टक्के भाग पूर्ण नसेल तर पुढच्या हंगामात खेळता येत नाही, आणि क्रेडिट स्वीकारले गेले नाहीत तर ती टक्केवारी एका रात्रीत घसरते. मी अभ्यासक्रम पाठवला, त्याचे काम झाले आणि तो गेला. मला त्याचा आनंदच झाला. मात्र त्याला पहिल्या वर्षी ज्या लाइन कोचने पायाची ठेवण शिकवली, ज्या आहारतज्ज्ञाने वजन वाढवून घेतले, त्यांच्या विभागाच्या पदरी यातून काही पडले नाही. उलट त्याची जागा भरायला पुन्हा शाळकरी पोरे शोधणे आले.

हे सगळीकडे चालले आहे. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून इंडियानाला गेले तेव्हा मिकाइल कमारा आणि जेम्स कार्पेंटर हे बचावफळीतले दोन खंदे खेळाडू त्यांच्यासोबत गेले, आणि २०२४ मध्ये इंडियानाने अकरा सामने जिंकले. टेक्सास टेकने २०२५ च्या हंगामासाठी जवळजवळ संपूर्ण पुढची फळीच बाहेरून आणली: स्टॅनफर्डचा डेव्हिड बेली, सेंट्रल फ्लोरिडाचा ली हंटर, नॉर्दर्न इलिनॉयचा स्कायलर गिल-हॉवर्ड. त्या फळीच्या जोरावर त्यांनी बिग ट्वेल्व्ह या विद्यापीठ-गटाचे आपले पहिले विजेतेपद मिळवले. तेलाच्या पैशावर विकत घेतलेले यश म्हणून त्यांना हिणवले गेले, पण मला त्यात निवडीची पारखही दिसली. नॉर्दर्न इलिनॉयच्या वाट्याला मात्र काही आले नाही, आणि याच नॉर्दर्न इलिनॉयने सप्टेंबर २०२४ मध्ये नोत्र दामला त्यांच्याच मैदानावर १६-१४ असे हरवले होते.

गंमत अशी की विद्यापीठांनी एकमेकांना पैसे देणे इथे मुळीच नवे नाही. मोठी विद्यापीठे लहान विद्यापीठांना आपल्या मैदानावर येऊन खेळण्यासाठी, म्हणजे बहुधा हरण्यासाठी, रग्गड रक्कम मोजतात. कोच करार मोडून दुसरीकडे गेला तर जुन्या विद्यापीठाची भरपाई पुष्कळदा नवे विद्यापीठच चुकते करते. एकाही कोचने ती आपल्या घरावर कर्ज काढून भरल्याचे मी ऐकलेले नाही. म्हणजे सामन्यासाठी पैसे जातात, कोचसाठी जातात, आणि खेळाडूचा प्रश्न आला की एकतर कोणीच काही देत नाही, नाहीतर विल्सनसारख्या विशीतल्या मुलाकडे बोट दाखवले जाते.

जागतिक फुटबॉलमध्ये, म्हणजे आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये, फिफाने २००१ पासून प्रशिक्षण-भरपाईची पद्धत ठेवली आहे. तरुण खेळाडू व्यावसायिक करार करतो तेव्हा त्याला लहानपणापासून घडवणाऱ्या क्लबांना नवा क्लब भरपाई देतो, आणि पुढच्या बदल्यांच्या रकमेतूनही पाच टक्के त्यांच्याकडे जातात. ही पद्धत निर्दोष नाही. त्या भरपाईच्या धाकाने गरीब क्लब तरुण खेळाडूंना घ्यायलाच कचरतात, अशी तक्रार आहे आणि ती खरी आहे. म्हणून अमेरिकेत ती आहे तशी उचलू नये. रक्कम खेळाडूच्या बाजारभावावर न ठेवता त्याने आधीच्या विद्यापीठात काढलेल्या वर्षांवर ठेवावी, प्रत्येक वर्षामागे ठरावीक. ती शिष्यवृत्तीच्या खर्चाच्या आसपास असावी, खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जाणाऱ्या बदलीलाच लागू व्हावी, आणि काहीही झाले तरी जुन्या विद्यापीठाला खेळाडू अडवण्याचा अधिकार तिच्यातून मिळू नये. रक्कम लहान ठेवण्याचे कारण असे की ती मोठी केली तर नवे विद्यापीठ ती खेळाडूच्या मानधनातूनच वळती करेल, आणि आपण फिरून तिथेच येऊ.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप कायद्याचा आहे. विद्यापीठांनी आपापसांत बसून खेळाडूंच्या बदलीवर आकार बसवला तर तो स्पर्धाविरोधी कट ठरू शकतो. २०२१ च्या ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने विद्यापीठांच्या संघटनेविरुद्ध निकाल दिल्यापासून या मंडळींचा असा कोणताही आपसातला नियम न्यायालयात तग धरेलच, याची खात्री उरलेली नाही. त्यातून बाहेर पडण्याचे दोनच रस्ते मला दिसतात. एक संसदेचा, आणि दुसरा खेळाडूंच्या संघटनेशी रीतसर सामूहिक करार करण्याचा, जसा व्यावसायिक लीगमध्ये होतो. विद्यापीठे पहिल्या रस्त्यासाठी वॉशिंग्टनला खेटे घालत आहेत, कारण दुसऱ्यात खेळाडूंना समोरच्या खुर्चीवर बसवावे लागते. मला मात्र दुसराच बरा वाटतो. विल्सनच्या करारातल्या कलमासारखी कलमे आता इतरांच्या करारांतही येऊ लागली आहेत, आणि एकोणीस वर्षांचा मुलगा त्यावर एकटा सही करतो. त्या कलमांवर संघटनेच्या वकिलाची नजर फिरली असती तर भरपाई कोण देणार हे त्याच दिवशी कागदावर आले असते.