‘ओरिजिनलसारखाच आहे, साहेब!’

खड्ड्यात पुढचं चाक उतरलं की खालून ‘टक्’ असा आवाज येतोय? घाबरू नका. काचा वर करा, एसी लावा, निम्मं काम तिथंच झालं. उरलेल्या निम्म्यासाठी खालील मार्गदर्शन कामी येईल. या विषयाची जबर फी मी नुकतीच भरली आहे, तुम्हाला फुकट देतो.

मेकॅनिक गाडी जॅकवर घेईल, चाक वर-खाली धरून हलवेल आणि म्हणेल, “बॉल जॉइंट गेलाय, अख्खा लोअर आर्म टाकायला लागेल.” (लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारा लोखंडी हात, आणि बॉल जॉइंट म्हणजे त्याच्या टोकाचा फिरता सांधा.) अशा वेळी एकच प्रश्न विचारायचा, “स्वस्तातला कितीला?” पार्ट नंबर वगैरे विचारून स्वतःचं हसं करून घेऊ नका.

आता दुकान. पुण्यात नाना पेठेत जा, नाहीतर मुंबईत ऑपेरा हाउसला. नियम सगळीकडे सारखेच. काउंटरवर तीन भाव सांगतात: कंपनीचा, ओईएम आणि लोकल. तुम्ही मधला घ्या, म्हणजे आपण फार विचार केला असं समाधान मिळतं. ओईएम वाईट नसतो बरं का. गाडीच्या कंपनीला माल पुरवणारा कारखाना तोच माल स्वतःच्या खोक्यात घालून बाजारात विकतो, तो स्वस्तही पडतो आणि टिकतोही. गंमत एवढीच, की त्या कारखान्याचं खोकं छापायला लागतो फक्त एक छापखाना. होलोग्रामसकट. तुम्ही खोकं बघा, चकाकी बघा, एमआरपीचं स्टिकर बघा आणि पैसे द्या. आत बॉल जॉइंटची पिन कडक केलेल्या पोलादाची आहे की नुसती कातलेली मऊ सळई, हे डोळ्यांनी कळतच नाही. मग बघून करायचंय काय?

माझा आर्म पावसाळ्याच्या तोंडावर बसवला. गणपती यायच्या आत बॉल जॉइंटचं रबरी बूट चिरलं, ग्रीस धुऊन गेलं, पाणी-माती आत शिरली आणि पिन खोबणीत खुळखुळायला लागली. आर्म गाडीला जिथं जोडतात तिथल्या बुशचं रबर तर लोखंडी नळीपासून सोलून हातात आलं. तो आर्म पिशवीत घालून दुकानात नेला. मालकांनी तो दोन बोटांनी उलटासुलटा केला आणि म्हणाले, “खोकं आणलंय का?” खोकं नव्हतं. “बिल?” बिल होतं. त्यावर लिहिलेलं होतं, ‘कार पार्ट, १ नग’. ना ब्रँड, ना नंबर. मग त्यांनी व्यवसायातलं अंतिम सत्य सांगितलं, “रबर आयटमला गॅरंटी नसते, साहेब. आणि रस्ते बघताय ना तुम्ही?” रस्ते बघतोय की! रस्ते असे आहेत म्हणूनच तर सस्पेन्शनचा पार्ट घ्यायला आलोय, देव्हाऱ्यात ठेवायला नाही! गुळगुळीत रस्त्यावरच टिकणारा लोअर आर्म विकायचा असेल तर तसा बोर्ड लावा ना दुकानावर. आणि मेकॅनिकची चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला भाव वेगळा का, तेही लिहा त्याच बोर्डावर. अर्थात, चिडायचं नाही. आपण मार्गदर्शन करतोय.

शॉकअप गळतोय? ‘रिपेअर’ करून घ्या: भोक पाडून तेल भरतात, वेल्डिंग मारतात, वरून काळा रंग. एकाच बाजूचा केलात तर आणखी बचत.

गाडी खाली बसलीय? स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर कोंबा. स्प्रिंगने दबायचंच नाही, एवढं तिला समजावलं की झालं. उलट गाडी खाली बसवायची असेल तर स्प्रिंगच कापा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही आहे, पण आरटीओवाले काय वाकून बघणार आहेत?

फिटिंगचंही तेच. गाडी जॅकवर टांगलेली असतानाच बुशचे बोल्ट करकचून आवळू द्या. चाकांवर गाडीचा भार आल्यावर शेवटचं आवळायचं असतं, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहून लवकर फाटतं. पण तेवढ्यासाठी पुन्हा कोण आडवं होणार? नट सुटू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन सापडली नाही तर बाइंडिंगची तार आहेच. चाकांची अलाइनमेंट पुढच्या महिन्यात.

पुरे झालं. बॉल जॉइंट सुटला तर काय होतं, माहीत आहे? चाक खालून सुटतं, बाहेर फेकल्यासारखं आडवं होतं, आणि हातातलं स्टिअरिंग फिरवून काहीही उपयोग नसतो. हे घरासमोर झालं तर नशीब. पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर झालं तर? मागून कंटेनर येत असतो.

चाळीस हजारांचा टचस्क्रीन लावता, सीट कव्हरं शिवता, आणि चाक धरून ठेवणाऱ्या सांध्यावर चारशे रुपयांची घासाघीस करता? लाज वाटू द्या थोडी. आणि नकली खोकी विकणाऱ्यांनो, तुम्ही तर त्याहून वाईट. तुम्हाला माल कुठून येतो ते पक्कं ठाऊक असतं. केंद्राने सुरक्षेसाठी कळीचा म्हणून अधिसूचित केलेला भाग मानकात न बसता विकला तर त्याच १८२अ कलमात वर्षभरापर्यंत कैद किंवा दर नगामागे १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही लिहिलेलं आहे. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था गाड्यांच्या चाचण्या करते, चाकणला शॉकअप बनतात, आणि त्याच शहरात लोक गळका शॉकअप काळा रंगवून बसवतात!

पुढच्या वेळी बिलावर ब्रँड आणि पार्ट नंबर लिहून मागा, जुना पार्ट समोर ठेवून नवा ताडून बघा. दुकानदार लिहून देत नसेल तर आर्म त्याच्या काउंटरवर ठेवा आणि चालू पडा.