बंद करायचं बटण कुठे लपवलंय?

सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या मूळ ॲपचे वर्षभराचे पैसे आगाऊ भरलेले असतात. तरी हवा तो सिनेमा उघडला की त्यावर कुलूप! म्हणे हा दुसऱ्या चॅनेलवरचा, त्याचं सबस्क्रिप्शन वेगळं. घ्यायला मात्र रिमोटचं एक बटण पुरतं. आधी काही दिवस मोफत, मग दरमहा पैसे कापणं सुरू.

आता ते बंद करून दाखवा! टीव्हीवर सोय नाही, मोबाइलवर मेनूच्या आत मेनू. तिथे पोचलं की 'नक्की सोडताय?', 'अर्ध्या किमतीत राहा', 'कारण सांगा'. कारण कशाला सांगायचं? माझे पैसे आहेत! आणि हे ॲड-ऑन, म्हणजे वरचं जादा चॅनेल, फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतलं असेल, तर रद्दही तिथेच जाऊन करायचं.

यावर नियम नाहीत असंही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरात १३ 'डार्क पॅटर्न', म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ॲप-वेबसाइटवरच्या युक्त्या, कोणत्या ते ठरवून दिलं. त्यात सबस्क्रिप्शनचा सापळा आहे. रद्द करण्याचा पर्याय लपवणं, ती प्रक्रिया किचकट करणं, मोफतसाठी आधीच कार्डाचा तपशील मागणं, सगळं त्यात लिहिलंय. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, तेवढाच आधार. पण आईबाबांच्या फोनवर तो मेसेज जाहिरातींच्या ढिगात बुडतो आणि न पाहिलेल्या चॅनेलचे पैसे जात राहतात. याचा मला खरंच संताप येतो.

जिथे 'घ्या' लिहिलंय, तिथेच शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात 'बंद करा' द्या. टीव्हीवरसुद्धा!