घाट म्हणजे डोंगर नव्हे

परवा भाचीच्या भूगोलाच्या वहीत वाचलं, 'पश्चिम घाट ही पर्वतरांग आहे.' तिला पूर्ण मार्क मिळतील. मला मात्र ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं.

आपल्या रोजच्या बोलण्यात घाट म्हणजे डोंगर चढा-उतरायची वाट. कात्रज, ताम्हिणी, वरंधा, खंबाटकी. कोकणातला माणूस 'घाटावर गेलाय' म्हणतो, म्हणजे वाट चढून देशावर. परदेशी दर्यावर्दी आपल्या किनाऱ्याला लागले, आत यायचं तर आधी या वाटा, आणि वाटेचं नाव अख्ख्या रांगेला चिकटलं. पुराणकाळापासून सह्य, सह्याद्री म्हणतात त्या पर्वताला! २०१२ साली तो जागतिक वारसा यादीत गेला तोही 'पश्चिम घाट' म्हणूनच.

शब्दाचं मूळ संस्कृत 'घट्ट'. नदीत उतरायची जागा. आपल्या ओंकारेश्वराजवळचा मुठेचा घाट तो हाच. पाण्याकडे उतरा नाहीतर कोकणात, पाऊल जपून टाकायची जागा ती. आणि माल उतरतो तिथे जकात आलीच. संस्कृतात 'घट्टकुटीप्रभातन्याय' आहे: जकात चुकवायला माणूस रात्रभर आडवाटेने चालतो आणि उजाडतं तेव्हा नेमका जकातीच्या झोपडीसमोर उभा असतो. जुन्नरजवळच्या नाणेघाटात तो दगडी रांजण बघताना मला दरवेळी हाच माणूस आठवतो. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. शेजारच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. वाट किती जुनी, बघा. (घाटदार तपेलीतला किंवा 'लग्नाचा घाट घातला' मधला घाट वेगळा, तो घडणीचा.)

म्हणूनच 'घाटी' ही शिवी मला सहन होत नाही. मुंबईत नोकरीला असताना एकाने तोंडावर म्हटलं होतं. घाट चढून-उतरून पोटासाठी आलेला माणूस, एवढाच तर अर्थ आहे. त्यात हिणवण्यासारखं काय आहे?

माझं म्हणणं एवढंच, मराठीत तरी पर्वताला सह्याद्री म्हणा आणि घाट हा शब्द वाटेसाठी राखा. माउलींची पालखी दिवे घाट चढते तेव्हा रथाला जादा बैलजोड्या लावतात. बैलांच्या तोंडाला फेस, आणि मागून रेटा देणारे वारकरी. घाट म्हणजे काय ते तिथे उभं राहिलं की कळतं.

गणपतीला गावी निघालो की आईचा फोन येतोच. "पोचलात का?" असं ती आधी विचारत नाही. विचारते, "घाट उतरलात का रे?" ताम्हिणीच्या पायथ्याला, विळ्याला पोचून "उतरलो" म्हटलं, की मग ती जेवायला बसते.