सातवीच्या वह्यांचे फोटो

मार्च २०२४ च्या दहावीचा राज्याचा निकाल ९५.८१ टक्के लागला, त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये एकजण म्हणाले, "ही ऑनलाइनवाली बॅच ना? मग काय बिघडलं?" बरोबर, हीच ती बॅच. सहावीचा शेवट लॉकडाउनने खाल्ला, सातवी जवळपास अख्खी मोबाइलवर गेली आणि आठवीचे पहिले काही महिनेही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते, म्हणजे ही पोरं माझ्याच वर्गातली. ती पास झाली याचा आनंद मला कोणापेक्षाही कमी नाही. पण काय बिघडलं ते मला माहीत आहे. ते निकालाच्या टक्केवारीत दिसणार नाही, म्हणून इथे लिहिते आहे. पोस्ट लांब आहे, आधीच सांगते.

त्या काळात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दोनच प्रकारची मुलं होती. एक पहिली-दुसरीतली, ज्यांचं अक्षर ओळखायचंच राहून जाईल म्हणून हळहळ. दुसरी दहावी-बारावीतली, ज्यांच्या बोर्डाचं काय होणार म्हणून धास्ती. मधली सहावी-सातवी-आठवी कोणाच्या खिजगणतीत नव्हती. त्यांना वाचता येतं, बोर्ड अजून लांब आहे, मोबाइल तर आपल्यापेक्षा चांगला चालवतात, करतील की! घरात एकच मोबाइल असेल तर तो आधी दहावीच्या ताईला किंवा दादाला. सातवीच्या वाट्याला तो यायचा रात्री, वडील रानातून आल्यावर, चार्जिंग आणि डेटा उरला असेल तर. 'असर' या मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२१ ला ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण फोन असलेल्या घरांतही चारातल्या एका मुलाला तो वापरायला मिळतच नव्हता. 'घरी स्मार्टफोन आहे का' या रकान्यात 'होय' भरताना आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं.

प्रयत्न झाले नाहीत असं कोणी म्हणू नये. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणून रोज लिंका यायच्या, अभ्यासाचं सरकारी दीक्षा ॲप होतं. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' लागायची. सोलापुरात नीलमनगरच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. पालघर जिल्ह्यात मोखाड्याकडे पाड्यांवर लाउडस्पीकरवरून शाळा भरली. ज्यांनी हे केलं त्यांना माझा मनापासून नमस्कार. पण भिंतीवर काय मावतं? पाढे, व्याख्या, सूत्रं. लाउडस्पीकरवरून काय जातं? गोष्ट, कविता, सूचना. सातवीचं गणित यात बसत नाही, आणि याच मुद्द्यासाठी मी ही पोस्ट लिहायला घेतली.

पाचवीपर्यंतचं गणित बोटांवर, खड्यांवर, पैशांवर दाखवता येतं. सहावी ते आठवीत ते हातातून निसटतं. उणे संख्या येतात, वेगळ्या छेदांचे अपूर्णांक येतात, अक्षरं संख्यांच्या जागी उभी राहतात. इथे मूल चुकतं ते उत्तरात नाही, मधल्या पायरीत. दोन पोरांचं उत्तर सारखंच चुकलेलं असतं, पण एकाने चिन्ह विसरलेलं असतं आणि दुसऱ्याला उणे म्हणजे काय हेच कळलेलं नसतं. पहिल्याला "परत बघ" म्हटलं की पुरतं. दुसऱ्यासाठी मला फळ्यावर संख्यारेषा काढून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कोणाला काय हवंय हे कळतं ते बाकांमधून फिरताना, पोर लिहीत असताना त्याच्या वहीत डोकावल्यावर. पेन कुठे थांबलं, कुठे खोडलं, शेजाऱ्याच्या वहीकडे नजर कधी गेली. माझं निम्मं शिकवणं हे फिरणंच आहे.

मोबाइलवर मला काय मिळायचं? वहीच्या पानाचा फोटो. तयार, नीटनेटका, बहुतेक वेळा बरोबर. कधी अक्षर ताईचं असायचं, कधी गाईडमधल्या पायऱ्या स्वल्पविरामासकट उतरलेल्या असायच्या. एकदा तर तीन जणांकडून आलेल्या फोटोत एकाच जागी चहाचा एकच डाग होता! हसले मी. पोरांचा राग आला नाही. त्यांच्याकडे फोटो मागितला होता, त्यांनी फोटो दिला. मलाही वर तेच द्यायचं होतं: किती विद्यार्थ्यांनी अभ्यास पाठवला, टक्केवारी किती, आज संध्याकाळपर्यंत. नोव्हेंबर २०२० पासून व्हॉट्सॲपवर 'स्वाध्याय' सुरू झाला, दर आठवड्याला पर्यायी प्रश्न. चारातला एक पर्याय दाबला की झालं. बरोबर दाबला की अंदाजाने दाबला, कोणाला कळणार? त्याचीही टक्केवारी गोळा व्हायची.

मग २७ जानेवारी २०२१ ला मुंबईबाहेरच्या पाचवी ते आठवीच्या शाळा उघडायला परवानगी मिळाली. थोडेच आठवडे मिळाले, पण पुरेसं दिसलं. मोबाइलवर 'पूर्णांक संख्यांचा गुणाकार' पूर्ण केलेल्या माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरांनी (−३) × (−४) चं उत्तर −१२ लिहिलं. ज्यांनी १२ लिहिलं त्यांना का विचारलं, तर "नियम आहे". कंपासपेटी काही जणांनी वर्षात उघडलीच नव्हती. त्रिकोणाच्या रचना त्यांनी केल्या होत्या, पण नुसत्या हाताने, गाईडमधल्या आकृतीकडे बघून. कंपासचं टोक कुठे रोवायचं ते व्हिडिओत दिसतं, पण ते हाताला कळायला हातात घ्यावं लागतं.

इथे हमखास एक युक्तिवाद येतो. पोरं घरी होती, शेतात होती, दुकानात बसली, जगण्याचं शिक्षण मिळालं, पुस्तकातलं गेलं तर गेलं. हे ऐकलं की मला राग येतो. आमचा भाग डाळिंबाचा. सातवीतला एक मुलगा वडिलांबरोबर फवारणीला जायचा. औषध किती घालतोस विचारलं, तर झटकन म्हणाला, "पंपाला दीड टोपण." पंप पंधरा लिटरचा, प्रमाण लिटरला दोन मिली, म्हणजे तीस मिली, आणि त्याचं टोपण वीस मिलीचं. अगदी बरोबर. मी म्हटलं, शेजारच्यांकडे दोनशे लिटरचं बॅरल आहे, त्यात किती घालशील? तो म्हणाला, "त्यांचं त्यास्नी माहीत असतंय मॅडम." त्याला दीड टोपण येत होतं, समप्रमाण येत नव्हतं. समप्रमाण सातवीच्याच पुस्तकात आहे, आणि ते नेमकं दीड टोपणाकडून चारशे मिलीकडे नेण्यासाठी आहे. शेताने त्याला एक उत्तर दिलं. पुढच्या उत्तरापर्यंत नेणारा वर्ग तेव्हा बंद होता. आपल्या स्वतःच्या मुलांबद्दल कोणी "जगण्याचं शिक्षण मिळालं" म्हणत नाही, तेवढं लक्षात ठेवावं.

आणि हो, सगळा दोष कोविडवर टाकणंही खोटं होईल. 'असर'च्या २०१८ च्या आकड्यांत देशातल्या ग्रामीण आठवीच्या मुलांपैकी ४४.१ टक्क्यांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येत होतं. २०२२ ला ४४.७. म्हणजे घसरण नाहीच! काहींनी तो आकडा दाखवून सुटकेचा श्वास सोडला. मला उलट वाटतं. हा भागाकार प्राथमिकच्या खालच्या वर्गातला. तो आठवीत निम्म्यांनाही येत नव्हता आणि शाळा बंद असो वा सुरू, कशानेच हलला नाही. सातवीत काय शिकायचं राहिलं हे तर ती चाचणी विचारतच नाही.

एप्रिल २०२१ मध्ये पहिली ते आठवीची पोरं परीक्षेविना वर गेली. दुसरा पर्याय नव्हता, मी त्याच्या बाजूने होते आणि आहे. मग १ जुलैपासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास. कल्पना चांगली: मागच्या इयत्तेतलं राहिलेलं भरून काढा, मग पुढे जा. पण आमच्याकडे तेव्हा शाळा बंदच होती. त्यामुळे सेतूही पीडीएफ होऊन त्याच मोबाइलवर आला, आणि सेतूच्या चाचण्यांचेही परत फोटोच आले.

एक गोष्ट मात्र त्या मोबाइलनेच दिली, तीही सांगायला हवी. वर्गात कधी हात वर न करणारी एक मुलगी रात्री व्हॉइस मेसेज पाठवायला लागली. "मॅडम, मी असं केलं, मग इथं अडलं." मागून भांड्यांचा आवाज, धाकट्याचं रडणं आणि मधून हिचा अपूर्णांक. सातवी-आठवीतल्या मुलींना चारचौघांत चुकायची केवढी लाज वाटते, हे त्या वयाच्या वर्गावर उभं राहिलेल्याला सांगायला नको. तिचं बोलणं ऐकताना मला तिची मधली पायरी ऐकू यायची. छेद सारखे न करताच ती अंशांची बेरीज करत होती, आणि ते फोटोत मला कधीच दिसलं नसतं. मग मी ग्रुपवर सांगून टाकलं: फोटो नको, एकच गणित घ्या आणि कसं केलं ते बोलून पाठवा. चुकलं तर चुकलं तसंच पाठवा. आधी फार थोड्यांनी पाठवले, मग वाढले. मेसेज ऐकायला वेळ फार जायचा आणि कोविड सर्वेक्षणाच्या ड्युट्या चालूच होत्या. रोजच्या अहवालात याला रकाना नव्हता, म्हणून माझी टक्केवारी त्या महिन्यात घसरली. आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांचा फोन आला. मी काय केलं ते सांगितलं. ते म्हणाले, "चांगलंय मॅडम, पण फोटोपण मागवा."

आता परत कधी अतिवृष्टी, कधी प्रदूषण, शाळा बंद झाली की "ऑनलाइन घ्या" असा निरोप पाच मिनिटांत येतो. २०२४ च्या नोव्हेंबरात दिल्लीत हवेमुळे तेच झालं. उद्या आपल्याकडेही होईल. तेव्हा सहावी ते आठवीच्या शिक्षकांकडून आणि पालकांकडून माझी एवढीच मागणी आहे की दहा गणितांचे फोटो मागू नका, एक गणित बोलायला लावा. आणि अधिकारी मंडळी वाचत असतील तर त्यांनी अहवालात त्यासाठी एक रकाना वाढवावा, फोटोचा काढून टाकला तर आणखी उत्तम.

२०२०-२१ ला तुमच्या घरात सहावी, सातवी किंवा आठवीत कोणी असेल तर आज त्यांना विचारा, उणे तीन गुणिले उणे चार धन बारा का होतात? "नियम आहे" हे उत्तर चालणार नाही. काय सांगतात ते कमेंटमध्ये लिहा, मी सगळ्या वाचणार आहे.